छत्री, नग एक

टाकोमात डिसेंबरमध्ये चारलाच दिवे लागतात,
आणि या तळघरात दिवसभर.
तासाला बावीस डॉलर मिळतात मला, वस्तू मोजण्याचे.
वर फ्लॅट होणार आहेत.
एकतीस तारखेच्या आत खालचं सगळं
यादीत गेलं पाहिजे,
नाहीतर कचऱ्यात.

भाताचं भांडं, नग एक, झाकण नाही.
कोळशाच्या इस्त्र्या, नग तीन.
लाकडी खडाव, नग एक, फक्त डावी.
घड्याळ, काटे कुणीतरी काढून नेलेले.
छत्री, नग एक.
वेळूच्या काड्या, तेल पाजलेला कागद,
मुठीवर शिक्का: तायशो चौदा.
फोनवर हिशोब केला. एकोणीसशे पंचवीस.

तोमिए इवाशिता, वय एक्याण्णव,
जिन्याच्या खालच्या पायरीवर उशी घेऊन बसलेल्या.
"शंभर भरली का तिला?"
थोरल्या चुलतबहिणीचं विचारावं, तसं विचारलं.
"यंदा भरतायत."
"मग जपून. आता डोळा फुटेल."

त्यांच्या लाँड्रीत कुरोदा नावाचा इस्त्रीवाला होता,
तो सांगायचा:
वस्तू नव्याण्णव वर्षं मुकाट राबते,
शंभराव्या वर्षी जीव धरते.
म्हणून चतुर माणसं वर्षअखेरच्या झाडलोटीत
जुनं भांडंकुंडं एक वर्ष आधीच बाहेर टाकायची.
आणि फसवलेली भांडी रात्री परत यायची.
छत्रीला एक डोळा, एक पाय,
आणि जीभ ही एवढी,
हनुवटीखाली लोंबणारी.

मी म्हटलं, आमच्या इचलकरंजीत
खंडेनवमीला बाबा माग बंद ठेवायचे.
धोट्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल,
त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही.
"म्हणजे तुमच्याकडे दरवर्षी सुट्टी," त्या म्हणाल्या,
"आमच्याकडे शंभर वर्षांनी एक पाय."
हसता हसता ठसका लागला त्यांना.
मी थर्मासमधला चहा दिला.

मग, कपाशी बोलत असल्यासारखं:
बेचाळीसचा मे.
उचलता येईल तेवढंच न्या, असा हुकूम.
आईच्या एका हातात धाकटा, दुसऱ्यात वळकटी.
"छत्री मी मागितली होती. आई म्हणाली,
जिथे नेतायत तिथे पाऊस नसतो.
ते मात्र खरं निघालं."

परत आल्यावर लाँड्री दुसऱ्याची झाली होती.
आईनं दारातूनच मान लववली.
भिंतींचा नवा रंग छान आहे, म्हणाली.
घरात कुणी आवाज चढवला नाही,
ना त्या वर्षी, ना पुढे कधी.
वडील गेले तेसुद्धा हळूच,
पावलं न वाजवता.

आमच्या गावचा चकवा वाट चुकवतो.
हा नुसताच वाट बघत बसला होता,
वरून ट्रक जात होते,
कागदाच्या गिरणीचा आंबूस वास झिरपत होता,
आणि ढग नसतील त्या दिवशी तो डोंगर,
ज्याला तोमिएंचे वडील
टाकोमा-फुजी म्हणायचे.

"भीती नाही हो वाटत.
आमच्या घरातल्या एकानं तरी
या गावाला जीभ काढून वाकुली दाखवावी,
एवढंच आहे."

छत्री मी उघडली. काड्या कडकडल्या.
कागदाला नाण्याएवढं भोक,
त्यातून बल्बचा उजेड थेट माझ्या कपाळावर.
मिटायला गेले, तर त्या म्हणाल्या, राहू दे.
कुलूप?
तेही राहू दे.

सोमवारी मोजणी पुन्हा केली.
भांडं आहे, इस्त्र्या आहेत, घड्याळ आहे.
जिन्याला अकरा पायऱ्या, साऱ्यांवर धूळ,
आणि प्रत्येकीवर एकेकच ठसा,
डाव्या खडावेचा, वर जाणारा.

साहेबांनी विचारलं, दोन नग कमी कसे?
शेऱ्याच्या रकान्यात मी मराठीतच लिहिलं:
कुणी उचलली नाही.
आपली आपण गेली.